मंद्र स्वराचे ओझे किती?

नाशिकचा ढोल ऐकला नाही असा वाचक महाराष्ट्रात विरळाच. गणेशविसर्जनाची मिरवणूक अजून दोन गल्ल्या दूर असते. ताशाची कडकड नीट ऐकू येत नाही, पण ढोलाचा ‘धम्‌ धम्‌’ घरात येऊन पोचलेला असतो. मिरवणूक कोपऱ्यावर वळली की मग ताशा एकदम स्पष्ट होतो. दोन्ही वाद्ये एकाच पथकात, आपल्यापासून सारख्याच अंतरावर वाजत असतात. मग ढोलच आधी का ऐकू यावा?

याचे उत्तर तरंगलांबीत आहे. ध्वनीचा हवेतील वेग दर सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो. या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ३००० हर्ट्झच्या कडक आवाजाची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर भरते, तर ६० हर्ट्झच्या घुमाऱ्याची पावणेसहा मीटर! आखूड तरंग घरांच्या भिंतींनी अडतात व त्यांच्यामागे जणू आवाजाची सावली पडते. लांब तरंग मात्र कोपऱ्याला वळसा घालून पलीकडे जातात. तरंगांच्या अशा वळण्याला विवर्तन म्हणतात.

ढोल हे मंद्र स्वराचे चालते-फिरते यंत्रच म्हणायला हवे. कमरेला बांधले, एका बाजूने टिपरू व दुसऱ्या बाजूने हाताची थाप मारली, की झाले. वीज नको, तारा नकोत. पण स्नेहसंमेलनाच्या वाद्यवृंदात मंद्र स्वराची बाजू सांभाळतो तो बास गिटार वाजविणारा, आणि त्याची अडचण वेगळी असते. त्याचे वाद्य खांद्यावर मावते, परंतु त्याचा स्वर श्रोत्यांपर्यंत पोचविणारा सरंजाम मोठा असतो. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला कार्यक्रमासाठी निघालेल्या वादकाला दोन हातांत मावेल तेवढेच नेता येते. मग न्यावे काय आणि घरी ठेवावे काय? साठवलेले पैसे कोणत्या उपकरणावर खर्चावेत? दुकानातील रंगीबेरंगी डब्या पाहून हे ठरवू नये. त्याचा निर्णय पदार्थविज्ञानाकडून घ्यावा.

सहा फुटी वाद्य खांद्यावर आले

गंमत अशी, की बास गिटारचा जन्मच ओझे कमी करण्याच्या खटपटीतून झाला. पूर्वी वाद्यवृंदात हे काम डबल बास करीत असे. हे वाद्य माणसाएवढे उंच, गाडीत न मावणारे आणि गोंगाटात ऐकू न येणारे! अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लिओ फेंडर हे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय केलेले गृहस्थ होते. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. भरीव लाकडाचे अंग, चार तारा आणि कंप पावणाऱ्या तारेची लांबी फक्त ८६ सेंटिमीटर. हिंदी चित्रपटसंगीतातही हे वाद्य लवकरच रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत असत.

तार आखूड केली की स्वर चढतो, हे तुम्ही स्वरमापीच्या प्रयोगात पाहिले असेल. मग आखूड तारेतून खालचा स्वर कसा काढायचा? तार जड करून! म्हणून बासची सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरहून जाड असते व तिच्यावर धातूची तार गुंडाळलेली असते. मोकळ्या सोडलेल्या चार तारांच्या वारंवारता अनुक्रमे ४१, ५५, ७३ व ९८ हर्ट्झ असतात. तारांखाली चुंबक व वेटोळे असते. पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

ओझे येते कोठून?

वाद्य हलके झाले, पण ओझे वर्धकात आणि स्पीकरच्या खोक्यात जाऊन बसले. का ते पाहा. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलून हवेला ढकलतो. आवाजाची तीव्रता तेवढीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. १६५ हर्ट्झच्या स्वरासाठी तो अर्धा मिलिमीटर हलत असेल, तर ४१ हर्ट्झसाठी त्याच पडद्याला आठ मिलिमीटर हलावे लागेल. लहान पडद्याला एवढे हलता येत नाही; तो फडफडतो किंवा फाटतो. म्हणून मोठा पडदा, किंवा अनेक पडदे, आणि त्यांच्याबरोबर मोठे खोके आले. १९६९ साली आलेल्या ‘अँपेग एसव्हीटी’ या प्रसिद्ध वर्धकाची शक्ती ३०० वॉट होती आणि त्याला दहा इंची आठ स्पीकरांची कपाटाएवढी खोकी जोडीत. ती हलवायला दोन माणसे लागत.

भरीस भर म्हणजे आपला कान खालच्या स्वरांना मंद असतो. १००० हर्ट्झचा आवाज जेमतेम दोन-तीन डेसिबेलला ऐकू येऊ लागतो. ४० हर्ट्झचा मात्र सुमारे ५० डेसिबेल झाल्याशिवाय ऐकूच येत नाही.

यातील काही ओझे आता तंत्रज्ञानाने उतरविले आहे. जुन्या वर्धकात निम्मी वीज उष्णतेत जाई. त्यामुळे जड रोहित्र आणि उष्णता उधळणाऱ्या धातूच्या पट्ट्या लागत. नव्या ‘डी वर्गा’च्या वर्धकातील ट्रान्झिस्टर स्विचप्रमाणे सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. त्यामुळे ८० ते ९० टक्के वीज कामी येते आणि काहीशे वॉटचा वर्धक दोन-तीन किलोग्रॅमचा होतो. १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांनी स्पीकरही हलके केले. पण हवा ढकलण्याचा नियम मात्र कोणालाच बदलता आलेला नाही.

कानाची करामत

इथे निसर्ग आपल्या मदतीला येतो. तार छेडली की केवळ ४१ हर्ट्झचा मूलस्वर निघत नाही. त्याबरोबर ८२, १२४, १६५, २०६ असे त्याच्या पटीतील उपस्वरही निघतात. समजा, लहान स्पीकरने १०० हर्ट्झखालचे सारे गाळले. राहिलेल्या उपस्वरांमधील अंतर अजूनही ४१ च आहे. कान व मेंदू हे अंतर ओळखतात आणि हवेत नसलेला ४१ हर्ट्झचा स्वर आपल्याला ‘ऐकवितात’! याला लुप्त मूलस्वर म्हणतात. १८४० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ झेबेक याने भोंग्यावर प्रयोग करून या प्रश्नाला तोंड फोडले. त्यावर त्याचा ओहमशी वादही झाला. विजेच्या रोधाचा नियम सांगणारा ओहम तो हाच.

पूर्वापार दूरध्वनी फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झचा आवाज वाहून नेत असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूलस्वर शंभर-सव्वाशे हर्ट्झचा असतो, म्हणजे तो तारेतून येतच नसे. तरी पलीकडे वडील बोलत आहेत हे मुलांना लगेच कळे.

छातीत जाणवणारा धक्का मात्र उपस्वरांतून मिळत नाही. पण कोणता स्वर वाजला ते कळते, आणि सुरात साथ देण्यास तेवढे पुरे असते.

पायाखालच्या डब्या

आता पेडलांकडे वळू. वाद्य आणि वर्धक यांच्यामध्ये जोडून पायाने चालू-बंद करायच्या या डब्या विद्युतसंकेताला निरनिराळे आकार देतात.

कॉम्प्रेसर : आवाजाचे चढउतार आवरतो. संकेत ठरविलेल्या मर्यादेपलीकडे १२ डेसिबेल चढला, तर ‘तीनास एक’ प्रमाणावर लावलेला कॉम्प्रेसर त्याला चारच डेसिबेल चढू देतो. लहान स्पीकरला अचानक बसणारे धक्के यामुळे टळतात.

ओव्हरड्राइव्ह व फझ : हे तरंगाचा माथा व तळ छाटतात. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या तर तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे उपस्वर वाढतात. वर सांगितलेली कानाची करामत आठवा. म्हणजे ही ‘विकृती’ लहान स्पीकरवर बासला अधिक स्पष्ट करू शकते. फझचा जन्मही बासशी निगडित आहे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिश्रकयंत्रातील एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहातारी बासचा आवाज खरखरीत झाला. लोकांना तो आवडला आणि पुढच्याच वर्षी तसा आवाज मुद्दाम काढणारे पेडल बाजारात आले. बाससाठी असे पेडल घेताना त्यात मूळ स्वच्छ संकेत मिसळण्याची सोय आहे ना, हे पाहावे; नाहीतर खालचा भाग पातळ होतो.

ऑक्टेव्ह : वारंवारता निम्मी करून एक सप्तक खालचा स्वर देतो. ९८ चे ४९ झाले तर ठीक. पण ४१ चे साडेवीस होतात. ही माणसाच्या श्रवणाची सीमा आहे! लहान स्पीकरचा पडदा उगाच हेलकावे खाईल आणि ऐकू काहीच येणार नाही.

कोरस व डिले : मूळ संकेताची प्रत थोडी उशिराने मिसळतात. कोरसमध्ये हा उशीर काही सहस्रांश सेकंदांचा व सतत बदलता असतो. वरच्या स्वरांना त्याने भरणा येतो. खालचे स्वर मात्र एकमेकांत मिसळून गढूळ होतात. घुमणाऱ्या सभागृहात तर अधिकच.

डीआय पेटी : हिच्यातून आवाज निघत नाही, म्हणून नवशिके तिच्याकडे दुर्लक्ष करतात. वाद्याच्या वेटोळ्याचा रोध मोठा असतो. त्याला दहा लाख ओहमच्या आसपासचे प्रवेशद्वार लागते. सभागृहातील मिश्रकयंत्राचे प्रवेशद्वार सहसा हजार-दोन हजार ओहमचे. सरळ जोडले तर आवाज पडतो व बोदा होतो. डीआय पेटी या दोघांचा मेळ घालते. ती संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपात पाठवते. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांत सारखीच असते, म्हणून शेवटी वजाबाकी करताच ती नाहीशी होते.

विजेचा हिशेब

पेडलला बहुधा ९ व्होल्ट लागतात. चौकोनी अल्कलाइन घटाची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास धरू. साधा ओव्हरड्राइव्ह १० मिलिअँपिअर घेत असेल, तर घट ५० तास चालेल. अनेक परिणाम एकत्र देणारे अंकीय यंत्र २०० मिलिअँपिअर घेते. त्याला तोच घट जेमतेम अडीच तास पुरेल, प्रत्यक्षात त्याहून कमी. घरच्या विजेवरील अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, धन-ऋण टोके तपासली पाहिजेत आणि अडॅप्टरची मिलिअँपिअर क्षमता सर्व पेडलांच्या बेरजेहून जास्त हवी. जास्त क्षमतेने अपाय होत नाही. जास्त व्होल्टने पेडल जळते.

मग पिशवीत काय भरावे?

सभागृहात ध्वनियंत्रणा असेल तर स्पीकर वाहून नेऊच नका. वाद्य, ट्यूनर, कॉम्प्रेसर आणि डीआय पेटी एवढे पुरे. सारे दप्तरात मावते. यंत्रणा नसेल तर डी वर्गाचा हलका वर्धक व एक दहा किंवा बारा इंची स्पीकर. ३०-४० हर्ट्झखालचा भाग गाळणारी चाळणी असेल तर ती लावा. ऐकू न येणाऱ्या हेलकाव्यांवर शक्ती वाया जाणार नाही. घरच्या सरावाला कानाशी वाजणारा छोटा वर्धक उत्तम. पैसे उरले तर ओव्हरड्राइव्ह. बाकीच्या डब्या मागाहून.

कान मात्र बाजारात मिळत नाहीत. ८५ डेसिबेलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढे दर ३ डेसिबेलला ती वेळ निम्मी करावी असा एक मान्य आडाखा आहे. या हिशेबाने १०० डेसिबेलला फक्त १५ मिनिटे मिळतात. आपल्या देशात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. आणि सुरुवातीला पाहिलेले विवर्तन विसरू नका: तुमचा मंद्र स्वर भिंतीला वळसा घालून शेजारच्या आजारी आजोबांपर्यंत सर्वांत आधी पोचतो.

करून पाहा : ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, मग तेच कानात बसणाऱ्या इअरफोनवर, आवाज बेताचा ठेवून. ढोलाचा कोणता भाग मोबाइलवर हरवला? तरीही तो ढोलच आहे हे कशावरून ओळखलेत? तुमची निरीक्षणे वहीत लिहा आणि वर्गात शिक्षकांशी चर्चा करा.