दरडोई उत्पन्न : भारत आणि चीन

1990 साली दरडोई उत्पादनात भारत चीनच्या पुढे होता. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार भारतात ते माणशी सुमारे 370 डॉलर होते, चीनमध्ये सुमारे 320. पुढच्याच वर्षी चीन पुढे सरकला. 2023 मध्ये भारत अडीच हजार डॉलरच्या आसपास होता, तर चीन साडेबारा हजारांच्या पुढे. म्हणजे पाचपट.

आकडा काढण्याची रीत सोपी आहे. देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या मूल्याला लोकसंख्येने भागायचे. परदेशांशी होणारी वेतन, व्याज आणि नफ्याची देवघेव त्यात धरली की राष्ट्रीय उत्पन्न मिळते. भारत-चीनसारख्या मोठ्या देशांत या दोहोंत फारसा फरक पडत नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बस्तान बसवलेल्या आयर्लंडमध्ये मात्र तो डोळ्यांत भरतो. खरी गोची होते ती रुपया आणि युआन एकाच चलनात मांडताना.

1991 चेच पाहावे. त्या वर्षी भारताचा डॉलरमधला दरडोई आकडा 300 च्या आसपास घसरला. शेती बुडाली नव्हती की कारखाने बंद पडले नव्हते. रुपयांत मोजलेले खरे उत्पादन जवळपास तेवढेच होते. घसरला होता रुपया. परकीय चलनाची गंगाजळी आटल्यावर 1 आणि 3 जुलैला सरकारने त्याचे अवमूल्यन केले. 1990 मध्ये सरासरी साडेसतरा रुपयांना मिळणारा डॉलर त्या जुलैत 26 रुपयांवर गेला. ‘चीनने भारताला मागे टाकले ते वर्ष’ ही 1991 ची ओळख म्हणूनच अर्धीअधिक विनिमयदराची करामत आहे.

ही अडचण टाळण्यासाठी क्रयशक्तीच्या समानतेने तुलना करतात. केस कापण्याची मजुरी, घरभाडे किंवा रिक्षाभाडे यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार होत नाही, त्यामुळे गरीब देशात ती स्वस्त असतात आणि बाजारातील विनिमयदराला त्याचा पत्ता नसतो. देशोदेशींच्या किमती गोळा करून क्रयशक्तीचा दर ठरवला जातो. या हिशेबाने पाचपटीचे अंतर अडीचपटीच्या जवळ येते. अर्थात हा मापदंडही काही दगडावरची रेघ नव्हे. 2005 च्या किमतींची नवी पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा चीनची अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी लहान निघाली होती.

काळानुसार प्रगती पाहायची असेल, तर प्रत्येक देशाचा वाढीचा वेग त्याच्याच स्थिर किमतींत मोजणे अधिक भरवशाचे. त्यातून महागाई आणि विनिमयदर दोन्ही वगळले जातात. 1990 ते 2010 या काळात चीनचे दरडोई उत्पादन वर्षाला ढोबळमानाने 9 टक्क्यांनी वाढले, भारताचे त्याच्या निम्म्या गतीने. 9 टक्क्यांनी आकडा आठ वर्षांत दुप्पट होतो, साडेचार टक्क्यांनी सोळा वर्षांत. आजचे अंतर मुख्यतः या वेगातून आले आहे आणि ते खरे आहे.

तरीही दरडोई उत्पादन म्हणजे घरात येणारा पैसा नव्हे. चीनमध्ये उत्पादनाचा फार मोठा वाटा कारखाने, रेल्वेमार्ग आणि इमारतींच्या गुंतवणुकीत जातो. घरगुती उपभोगाचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास राहतो. भारतात तो सुमारे 60 टक्के आहे. हे लक्षात घेतले, तर क्रयशक्तीच्या हिशेबाने माणशी घरखर्चातले अंतर दीडपटीच्या थोडेच पुढे जाते.