चाकावरचं बिऱ्हाड

निवृत्तीनंतर ‘आता अमेरिका गाडीनं बघायची’ असं ह्यांनी जाहीर केलं आणि आमच्या न्यू जर्सीच्या घरात मोटरहोमचं वेड शिरलं. नवी परवडणारी नव्हती. भाड्यानं फिरवून विक्रीला काढलेली बघायची ठरली.

“अगं, कंपनीच्या गाड्यांचं सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं!” इति हे. मी म्हटलं, “पण भाड्याच्या घराला जीव कोण लावतं?”

पहिली गाडी चकाचक. हे इंजिनात डोकं घालून बसले. मी चपला काढून आत गेले. शॉवरपाशी जमीन पावलाखाली किंचित दबली. वरचं कपाट उघडलं, तर पावसाळ्यातल्या ट्रंकेसारखा कुबट वास! छताच्या सांध्यातून पाणी मुरलं की आतलं लाकूड कुजतं. बाहेरून पत्ताही लागत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे ३२१६, म्हणजे २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत, पण रबर म्हातारं.

मी नाही म्हटलं. “नुसत्या वासावरून?” हे दोन दिवस घुश्शात. पण आयुष्यभराची पुंजी होती हो!

तिसऱ्या गाडीला मात्र पैसे मोजून आपला तपासनीस नेला. त्यानं छतावर चढून सांधे बघितले, भिंतींतला ओलावा मोजला. मगच चेक फाडला.

मैत्रिणींनो, इंजिन ते बघतील. नाक तुमचं न्या.

परवा शेनान्डोआच्या डोंगरात मुक्काम होता. मध्यरात्री पाऊस कोसळला. जाग आली तर हे उभे राहून छत चाचपत होते. कोरडं ठणठणीत!

“झोपा आता,” मी म्हटलं.