किर्कडेलच्या गुहेतील हाडे

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यातील किर्कडेल येथे १८२१ साली चुनखडीच्या खाणीत कामगारांना एक गुहा लागली. आतली हाडे रोगाने मेलेल्या गुरांची असावीत, असे समजून ती खडीबरोबर रस्त्यावर पडली. पुढे जाणत्यांनी तपासली, तेव्हा हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि पुष्कळसे तरस निघाले!

थंड यॉर्कशायरात पाणघोडा कसा? महापुराने दूरदेशीची मढी वाहून आणली, असे तेव्हा अनेकांना वाटे. ऑक्सफर्डचे अध्यापक विल्यम बकलंड गुहेत शिरले. वाट इतकी अरुंद, की अख्खा हत्ती आत येणे अशक्य. हाडांवर दातांचे व्रण होते, तरसांची वाळलेली विष्ठाही होती. म्हणजे ही तरसांची गुहा, आणि त्यांनी ओढून आणलेली जनावरे तिथल्याच रानातली! हा निबंध १८२२ साली रॉयल सोसायटीपुढे आला. त्यास कॉप्ले पदक मिळाले. पुढे जिवंत तरसाला बैलाचे हाड घालून पाहिले, तर उरलेले तुकडे हुबेहूब गुहेतल्यासारखे. हे अवशेष सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीच्या, दोन हिमयुगांमधील उबदार काळाचे आहेत, हे आज आपण जाणतो.

बकलंडांचा मान योग्यच आहे. परंतु ज्यांच्या पहारीने गुहा उघडली, त्यांना हाडांचे मोल सांगणारे कोणी नव्हते. म्हणून कित्येक हाडे रस्त्यात भरडली गेली. ज्ञान खाणीच्या तोंडापर्यंत पोचले पाहिजे, असा आग्रह आम्ही धरतो, तो याचसाठी.