दाटपणाला दूध लागत नाही

घरात एखाद्याला दूध पचत नसलं की रविवारच्या चिकनचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. पाककृतींची पुस्तकं उघडावीत तर कोंबडी मुरवायला दही, ग्रेव्हीला मलई आणि वरून बटर. परदेशी पद्धतीचा कॅसरोल करावा, म्हणजे बंद भांड्यात सगळं एकत्र घालून ओव्हनमध्ये सावकाश शिजवावं, तर त्यातही बहुतेकदा क्रीम किंवा चीज. मग पर्यायांची शोधाशोध सुरू होते: काजूची पेस्ट, सोयाचं दूध, डबाबंद नारळाचं दूध. जालना जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरात हे सगळं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. भोकरदनपासून परतूरपर्यंत घरोघरी शिजणाऱ्या काळ्या मसाल्याच्या रश्शात दुधाचा थेंब मुळातच नसतो. त्यातून काही वगळलेलं नसतं, म्हणून त्याच्या जागी काही भरावंही लागत नाही. दही आणि मलई जी कामं करतात, ती इथे दुसऱ्या जिनसांनी आधीच वाटून घेतलेली असतात.

ही कामं कोणती, ते भांड्यातच दिसतं. मलईमुळे रस्सा दाट होतो आणि त्याला स्निग्धपणा येतो. मराठवाड्यात दाटपणाची जबाबदारी भाजलेल्या कांद्यावर आणि येसरावर असते. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले खमंग भाजून दळलेलं पीठ. त्यातला स्टार्च साठ-सत्तर अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतो आणि रस्सा मिळून येतो. स्निग्धपणा खोबऱ्याचा आणि तिळाचा: सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं, तिळात जवळपास निम्मं. खोबऱ्याची वाटी थेट आचेवर धरली की तिच्या कडा काळ्या पडून तेलानं चकाकू लागतात. रश्शाचा रंग आणि तो किंचित धुरकट वास तिथूनच सुरू होतो. भाजण्यानं जी खोल चव येते ती मलईला देता येत नाही, उलट मलई असली चव झाकून टाकते. बाजारच्या पाकिटातला काळा मसाला चालतो, पण वाटण मात्र घरी भाजून केलेलंच हवं.

सहा माणसांच्या जेवणाला किलोभर कोंबडी पुरते. आधी तेलावर थोडा कांदा परतून त्यात हळद, मीठ आणि आलं-लसूण लावलेले तुकडे टाकावेत, वर झाकण ठेवून झाकणात पाणी ओतावं. आतली वाफ त्या पाण्याच्या गारव्यानं पाणी होऊन पुन्हा भांड्यात पडते आणि कोंबडी स्वतःच्याच रसात शिजू लागते. ओव्हनमधल्या बंद भांड्याचं काम इथे झाकणातलं पाणी करतं. तेच पाणी गरम झालं की रश्शात ओतायचं, कारण थंड पाण्यानं शिजणं मध्येच थांबतं. दुसरीकडे चार भाजलेले कांदे, अर्धी वाटी खोबरं, दोन चमचे तीळ आणि एक चमचा खसखस यांचं बारीक वाटण तेलात परतत राहायचं. पाच मिनिटांत ते कोरडं दिसतं आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आच मंद ठेवून आणखी थोडं परतलं की कडेनं तेल सुटतं. मग तीन चमचे काळा मसाला, चवीप्रमाणे लाल तिखट, शिजलेली कोंबडी, पाणी, आणि शेवटी गार पाण्यात कालवलेला येसर दीड चमचा. कोरडा येसर उकळत्या रश्शात टाकला तर गुठळ्या होतात.

दह्याशिवाय कोंबडी मऊ होत नाही, असा एक आक्षेप असतो. दह्याच्या आंबटपणानं मांस थोडं मऊ होतं हे खरं. पण बाजारातली ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांची असते, ती मुळातच कोवळी. उलट गावरान कोंबडी चिवट असते ती तिच्या सांध्या-स्नायूंतल्या कोलॅजेनमुळे, आणि कोलॅजेन विरघळायला हवा असतो वेळ. ब्रॉयलर अर्ध्या तासात होते, गावरानला तास-दीड तास द्यावा लागतो. एवढा वेळ पातळ रस्सा उकळायचा म्हटलं तर दही आधी फाटेल. कढीला म्हणूनच बेसनाचा आधार लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तिखटाचा दाह शमवायला दुधासारखं काही नाही, कारण दुधातलं केसीन मिरचीतल्या कॅप्सेसिनला धरून ते जिभेवरून उचलतं. लिंबू आणि कच्च्या कांद्याला हे जमत नाही, ते फक्त चव बदलतात. मग जेवणाऱ्यांत लहान मुलं असली तर? याचं उत्तर शिजवण्याच्या क्रमातच आहे. वाटण पडण्याआधी हळद-मिठातल्या शिजलेल्या कोंबडीचं अळणी पाणी आणि चार तुकडे मुलांसाठी बाजूला काढून ठेवता येतात. शिवाय कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणून रश्शाच्या वरची तर्री सगळ्यात जहाल. ज्याला तिखट सोसत नाही त्याला डाव खाली घालून वाढावं. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. त्या टापूत मिरचीच कमी घाला म्हणून सांगणारा पाहुणा दुसऱ्यांदा बोलावला जाईल का, शंकाच आहे.

या भागात दूध कमी, म्हणून रश्शात दूध नाही, असं सोपं उत्तर मनाला पटत नाही. इथल्या घरांत ताक, दही, तूप होतंच, आणि जिथून मराठवाड्याचा कारभार 1956 पर्यंत चालला त्या हैदराबादेत तर कच्च्या बिर्याणीचं मांस दह्यातच मुरवतात. म्हणजे दह्याची रीत माहीत नव्हती असंही नाही. रस्सा पातळ आणि भाकरी कुस्करून खाण्याजोगा हवा, ही आवडच निर्णायक ठरली असावी. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायगडातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना धर्मानंच मांस आणि दूध एकत्र करायला मनाई आहे. त्यांच्या मांसाच्या रश्शात ओल्या नारळाचं दूध येतं. कारणं अगदी वेगळी, तरी दोन्हीकडे मलईवाचून कुणाचं अडलेलं नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. खोबऱ्यातली चरबी बहुतांशी संपृक्त असते, म्हणून ज्यांना डॉक्टरांनी ती टाळायला सांगितली आहे त्यांच्यासाठी खोबरं निम्मं करून कांदा आणि येसर वाढवावा. तिळा-खसखशीत कॅल्शियम भरपूर असल्याचं सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण दोन चमचे तीळ सहा जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला नावापुरतंच येतं. दूध बंद असलेल्यानं ते कॅल्शियम नाचणी, पालेभाज्या असं रोजच्या जेवणातून भरून काढावं.

दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वयंपाक करणाऱ्याला हा फरक ठाऊक असावा. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पुरती पचत नाही. त्यांना चमचाभर तूप सहसा बाधत नाही. ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते, तिथे थेंबही धोक्याचा. अशा घरी रश्शाबरोबर नान किंवा पाव आणला तर त्यात दही, दुधाची भुकटी किंवा बटर असू शकतं. ज्वारीची भाकरी पीठ आणि पाण्याचीच होते, फक्त वाढताना सवयीनं तिच्यावर तुपाची धार पडत नाही ना, एवढं बघावं.