नियम शाबूत, पर्याय मोजके

मोबाइल रिचार्जसोबत एखाद्या ओटीटीचं सदस्यत्व फुकट मिळतं. पण त्यावर मालिका पाहिली की डेटा आपल्याच पॅकमधून कापला जातो. जिओहॉटस्टारवर रिलायन्सचं नियंत्रण असलं, तरी जिओच्या ग्राहकाचाही तिथे डेटा खर्च होतोच. हा कंपनीचा चिक्कूपणा नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी केलेला नियमच तसा आहे: तुम्ही काय पाहता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडलात, तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल मर्यादा ५० लाख. वेग कमी करणं किंवा एखादं संकेतस्थळ अडवणं, यावर बंदी घालणारी ट्रायची शिफारस सरकारनं २०१८मध्ये स्वीकारली. नेट न्यूट्रॅलिटी ती हीच.

या नियमाला कंपन्यांचा जुना आक्षेप असा, की बाजारात स्पर्धा असेल तर सरकारी बंधन कशाला? भेदभाव करणाऱ्याला ग्राहक सोडून जाईलच. ऐकायला हे पटतं. पण २०१५ साली भारतात दहाच्या आसपास मोबाइल कंपन्या होत्या आणि नेमक्या त्याच सुमारास हे प्रकार सुरू झाले. एअरटेलनं डिसेंबर २०१४मध्ये इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलना वेगळा दर जाहीर केला आणि ओरड होताच थांबवला. एप्रिल २०१५मध्ये ‘एअरटेल झीरो’ आलं: डेटाचे पैसे ॲपच्या कंपनीनं भरायचे, ग्राहकाला ते फुकट. टीका होताच फ्लिपकार्टनं त्यातून अंग काढून घेतलं. फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर निवडक संकेतस्थळं मोफत देऊ केली. तीच योजना पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाली. लोकांनी ट्रायला दहा लाखांहून अधिक ईमेल पाठवले, तेव्हा कुठे चित्र पालटलं.

स्पर्धेनं हे का रोखलं नाही? कारण फुकट मिळतंय म्हणून ग्राहक खूशच होता. नुकसान होतं ते मोफतच्या यादीत नसलेल्याचं: नवं ॲप, छोटं वृत्त-संकेतस्थळ. ते दूरसंचार कंपनीचं गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे रुसून दुसरीकडे जाण्याची धमकीही देऊ शकत नाही. शिवाय कंपन्या तीन असोत की तेरा, एका कंपनीच्या ग्राहकांपर्यंत पोहोचायचं तर तिच्याच जाळ्यातून जावं लागतं. तेवढ्यापुरती ती मक्तेदारच.

उलट बाजूही तितकीच खरी. नियमानं डेटा स्वस्त होत नाही. तो स्वस्त झाला सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर, स्पर्धेमुळेच. त्याच दरयुद्धात एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स बुडाल्या, टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८मध्ये एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. जुलै २०२४च्या सुरुवातीला तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांतच दर वाढवले. त्यानंतर लाखो ग्राहक बीएसएनएलकडे वळले. पण तिचं फोरजी तेव्हा सगळीकडे पोहोचलेलं नसल्यानं तो पर्याय अनेकांसाठी नावापुरताच राहिला.

म्हणजे स्पर्धा ग्राहकाच्या खिशाची राखण करते आणि नियम संकेतस्थळांच्या दाराची. एकाचं काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. अमेरिकेत २०१५चा नियम २०१७मध्ये रद्द झाला, २०२४मध्ये परतला आणि जानेवारी २०२५मध्ये अपील न्यायालयानं तो पुन्हा उडवला. आपला टिकला आहे, पण कसोटी पुढे आहे.

जाळ्यावर सर्वाधिक भार टाकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे. गूगल किंवा नेटफ्लिक्सला ते परवडेलही. प्रश्न आहे, ‘मोठा’ कोण हे ठरवणार कोण, आणि ती रेषा खाली सरकली तर तिला अडवणार कोण. बाजारात तीनच खासगी कंपन्या उरलेल्या असताना उत्तर बाजारावर सोडता येणार नाही.