दूरध्वनी कक्षाची संगणकप्रणाली : मुदतीपूर्वीचे नियोजन

बाहेरगावच्या रुग्णासाठी रुग्णालयाचा पहिला दरवाजा म्हणजे आमचा दूरध्वनी कक्ष. तज्ज्ञ डॉक्टरांचा वार कोणता, निर्धन रुग्णांसाठी राखीव असलेल्या दहा टक्के खाटांपैकी एखादी रिकामी आहे काय, याची चौकशी करूनच तो एसटीत बसतो. फोन लागला नाही, तर त्याची दिवसाची मजुरी व प्रवासखर्च दोन्ही वाया जातात.

या कक्षाची संगणकप्रणाली बदलण्यासाठी विश्वस्त मंडळाने तरतूद केली, तेव्हा 'चालू यंत्रणा का बदलता?' असा प्रश्न काही देणगीदारांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. म्हणून हे निवेदन.

सॉफ्टवेअर यंत्राप्रमाणे झिजत नाही. मात्र त्यातील उणिवा दुरुस्त करून देण्याची जबाबदारी उत्पादक ठरावीक तारखेपर्यंतच घेतो. यालाच 'सपोर्ट' म्हणतात. ती तारीख उलटल्यावर प्रणाली चालू राहते. परंतु नव्याने सापडलेली उणीव तशीच राहते.

शिवाय अशी प्रणाली एकाच पायावर उभी नसते. कॉल योग्य विभागाकडे वळविणारे सॉफ्टवेअर, त्याखालील सर्व्हर आणि नोंदी साठविणारा डेटाबेस या प्रत्येकाची मुदत निराळी असते. उदाहरणार्थ, विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७, तर एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची १४ जुलै २०२६ ही आहे. दोन्ही एकत्र वापरणाऱ्या संस्थेने यांपैकी आधीची तारीख हीच खरी मुदत मानावयास हवी. मुदतीनंतरही सुरक्षा दुरुस्त्या काही काळ विकत मिळू शकतात. पण तो तात्पुरता आधार होय.

दुर्लक्षाची किंमत ब्रिटनमध्ये दिसून आली. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्याचा फटका इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० सरकारी आरोग्य न्यासांना बसला. १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा 'एनएचएस इंग्लंड' या तेथील आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. बाधित संगणकांपैकी बहुतेकांना सपोर्ट होता व दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ती बसविलेली नव्हती. म्हणजे सपोर्ट असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

आम्हीही पूर्वी एकदा उशिरा जागे झालो. जुनी यंत्रणा बंद पडली, पुरवठादाराकडे सुटे भाग नव्हते आणि दोन दिवस कक्षाचे काम दोन मोबाइलवर चालवावे लागले. त्या दोन दिवसांत किती जणांना उत्तर मिळाले नाही, याची नोंदही आमच्याकडे नाही.

त्या अनुभवातून पुढील शिस्त ठरविली आहे. स्थावर-जंगम मालमत्तेच्या नोंदवहीप्रमाणे प्रत्येक सॉफ्टवेअरची मुदत स्वतंत्र वहीत नोंदविली जाते व दर तिमाहीस तपासली जाते. मुदतीपूर्वी अठरा महिने निवड व निविदा, बारा महिने आधी खरेदी, सहा महिने आधी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि काही आठवडे जुनी-नवी प्रणाली समांतर, असा क्रम राहील. पावसाळ्यातील तापाच्या साथी आणि मार्चअखेरचे हिशेब या काळात बदल केला जाणार नाही. कक्षात कागदी नोंदवही सदैव तयार राहील.

घसाऱ्याप्रमाणे यासाठीही दरवर्षी रक्कम बाजूला काढली जाईल. बिलांच्या दोन टक्के रकमेतून उभा राहणारा निर्धन रुग्ण निधी उपचारांसाठीच आहे. त्यास हात लावलेला नाही. इमारतीचे रंगकाम मात्र एक वर्ष पुढे ढकलावे लागले.

डायलिसिस यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, सॉफ्टवेअरवर ती लागत नाही. तरीही दूरच्या गावातून आलेला फोन पहिल्याच प्रयत्नात उचलला जाईल, तेव्हा त्यात आपल्या देणगीचाही वाटा असेल, याची आम्ही नम्रपणे नोंद करतो.