भात व भाजीपाला पिकांतील किडींचे नैसर्गिक शत्रू : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत खरिपात भात, तर पावसाळ्यानंतर ओलिताखाली भेंडी, काकडी आदी भाजीपाला घेतला जातो. या पिकांत किडींसोबत त्यांचे नैसर्गिक शत्रूही वावरतात. त्यांचा विचार न करता केलेली फवारणी अनेकदा उलटते.

भातावरील तपकिरी तुडतुडा आपली अंडी पानाच्या आवरणात घालतो. फवारणीने पिले व प्रौढ मरतात. अंडी मात्र बहुतांशी वाचतात. त्याच वेळी तुडतुडे खाणारे कोळी व त्यांची अंडी शोषणारे मिरिड ढेकूण नष्ट होतात. परिणामी नव्या पिलांना शत्रूच उरत नाही. यास किडीचा पुनरुद्रेक म्हणतात. याच अनुभवातून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली.

भेंडीत ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी फळे पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालते. त्यामुळे अळी जन्मतच नाही. मात्र ट्रायकोकार्ड लावल्यावर लगेच फवारणी केल्यास हा खर्च वाया जातो.

सारांश, फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी भाताच्या चुडात तुडतुड्यांबरोबर कोळी व मिरिड ढेकूणही मोजले पाहिजेत. अल्पभूधारक शेतकऱ्यास हे विनामूल्य साहाय्य गमावणे परवडणारे नाही.